दही अजून लागलं नाही

तायाक्काच्या घरात शिरण्याआधी उंबऱ्याबाहेरून विचारावं लागे, "अक्का, लागलंय का?" आतून "लागलंय, ये" असं उत्तर आलं तर माणसासारखं चालत जायचं. "लागतंय" असं आलं तर चप्पल हातात धरून, भिंतीच्या कडेकडेनं. कारण स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात चुंबळीवर तिचं दह्याचं गाडगं बसलेलं असे, आणि त्यातलं दूध लागेपर्यंत त्या घरात कुणी पाय आपटलेला, दार ढकललेलं, मोठ्यानं शिंकलेलं तिला खपत नसे. "भांडं हाललं की दही फुटतंय," हा तिचा कायदा. एकदा मला शिंक आवरली नाही. "शिंकेनं काय होतंय अक्का?" असं वर तोंड करून मी म्हणालो, तर ती म्हणाली, "माझा नवरा दचाकतुया रं तुझ्या शिंकंनं, दह्याचं काय घिऊन बसलास!"

माधवनगरात आमची आणि तिची भिंत एकच होती. मी औषध कंपनीचा प्रतिनिधी. सांगली, मिरज, कुपवाडपासून वर कराड, पाटण, साताऱ्यापर्यंतचे दवाखाने हे माझं रोजचं दळण. बॅगेत मुख्यतः अँटिबायोटिकच्या गोळ्या. तायाक्कानं माझं नाव कधी उच्चारलं नाही, तिच्या लेखी मी 'गोळीवाल्या'. भांडी घासता घासता भिंतीपलीकडून तिचं सुरू होई, "तुझी गोळी म्हंजी वणवा रं. साप मारायला रान पेटवायचं. साप मरतुया, न्हाई असं न्हाई. पर संगट ससं मरत्यात, चिमण्या मरत्यात, गवत जळतंय. मग माणसानं खायाचं काय?" आमची कंपनी पोटातले चांगले जंतू परत रुजवायच्या कॅप्सूलही विकते हे तिला मीच हौसेनं सांगितलं आणि पस्तावलो. पदर तोंडाला लावून ती हसत सुटली. "पेटवायला बी तुमीच आन् इझवायला बी तुमीच! लय शाणी कंपनी हाय."

गोळीला तिचा विरोध होता असं मात्र कुणी समजू नये. गोळीनंच तिच्या नवऱ्याचा पाय वाचवला होता. आण्णा आधी गिरणीत होते, गिरणी बंद पडल्यावर कुपवाडच्या एका वर्कशॉपात वॉचमन झाले. त्यात साखरेचा आजार, आणि पायाला झालेली जखम चिघळली. डॉक्टरांनी एकामागून एक जालीम कोर्स दिले. जखम भरत आली, आणि पोट गेलं. आण्णांचं सगळं जग खाट आणि संडास यांच्यामध्ये आलं. गल्लीच्या तोंडापर्यंत जायचं म्हटलं तरी त्यांना घाम फुटायचा. कुपवाडची नोकरी त्यातच सुटली.

तेव्हा तायाक्कानं पदर खोचला. तिचा उपचार म्हणजे शेतीच होती. आधी रान निवू द्यायचं, म्हणजे ज्वारीची पातळ आंबील आणि हुलग्याचं माडगं, दुसरं काही नाही. मग ताक, त्यात भाजलेलं जिरं, सुंठ, चिमटीभर हिंग. बेलफळ फोडून त्याचा गर. मुरडशेंग सहाणेवर उगाळून तिचं बोटभर चाटण. आणि पोट जरा थाऱ्यावर आलं की पेरणी. पेरणी म्हणजे तिचं दही, उन्हं वर आल्यावर, वाटीभर, साखरेशिवाय. आण्णा तोंड वाकडं करत, ती खाटेशेजारी बसून वाटी रिकामी होईपर्यंत हलत नसे. हळूहळू आण्णा बरे झाले. डॉक्टर म्हणाले, पोट असं सावकाश आपोआपही बरं होतं. असेल. मी एवढी वर्षं या धंद्यात आहे, पण त्यांचं पोट कशानं बरं झालं हे मी छातीवर हात ठेवून सांगू शकणार नाही. तायाक्काला मात्र अशी शंका कधी शिवली नाही. "माझ्या इरजणानं," ती म्हणायची आणि विषय संपवायची.

ते विरजण म्हणजे तिचं माहेर होतं. ती जत भागातली, धनगराची लेक. लग्नात तिच्या आव्वानं, म्हणजे आईनं, ओटीत नारळाबरोबर एक फडकं घातलं होतं, मेंढीच्या दह्यात बुडवून उन्हात कडकडीत वाळवलेलं. माधवनगरात आल्यावर तिनं ते फडकं कोमट दुधात सोडलं आणि सकाळी दही लागलं. तेव्हापासून आजच्या दह्यातला चमचा उद्याच्या दुधात, असं ते अखंड चाललं होतं. आव्वा गेली, मेंढरं गेली, भाऊ ऊसतोडीच्या टोळ्यांबरोबर कुठल्या कुठं पांगले. गाडग्यात आव्वा राहिली. हे वाक्य तिचं नाही, माझं आहे. ती फक्त गाडगं उघडल्यावर पहिला वास घ्यायची आणि क्षणभर डोळे मिटायची.

विरजणाच्या बाबतीत तिचे दोन नियम होते. मागायला आलेल्याला नाही म्हणायचं नाही, आणि दिवेलागणीनंतर द्यायचं नाही. तिन्हीसांजेला घरातलं विरजण गेलं की घरची लक्ष्मी मागोमाग जाते. या दोन नियमांची एकदा माझ्यामुळे टक्कर झाली. माझी दाढ ठणकत होती, मी बॅगेतल्याच सँपलच्या गोळ्या खाल्ल्या आणि आण्णांच्या वाटेनं गेलो. बायकोनं ढकललं म्हणून संध्याकाळी वाटी घेऊन तायाक्काच्या दारात उभा राहिलो. तिनं एकदा देवापुढच्या दिव्याकडं बघितलं, एकदा माझ्या पडलेल्या तोंडाकडं. मग वाटीत दही घेतलं, मागच्या कट्ट्यावर ठेवलं आणि पाठ फिरवून उभी राहिली. "मी काय दिलं न्हाई. कट्ट्यावर माझी वाटी ऱ्हायलीया. चोरट्यांनी नेली तर मी काय करणार?"

मी चोरी केली. पोट सुधारू लागलं, पण एवढ्यानं तिचं समाधान होईना. दुसऱ्या दिवशी तिनं कुड्याच्या सालीचा काढा पाजला. तो असा काही लागू पडला की माझं दुकान पूर्ण बंद झालं आणि शटर उघडेना. तक्रार घेऊन गेलो तर ती माझ्यावरच उखडली. "थांबत न्हाई म्हणून बोंबलत हुतास न्हवं? थांबलं! आता जावं म्हणून आलायस. एक कायतरी ठरीव की रं." चूक कबूल करणं तिच्या रक्तातच नव्हतं.

आता ज्या गोष्टीसाठी मी हे लिहायला बसलो ती सांगतो. तायाक्काला एकुलती एक मुलगी, सुमी. जावई धरणाच्या वीजघरात, कोयनानगरला कॉलनीत घर. सुमीचं लग्न झालं, बाळंतपण माधवनगरातच झालं, तिचा पोरगा शाळेत जायला लागला, तरी तायाक्कानं लेकीचं घर पाहिलेलं नव्हतं. सांगलीहून कराड आणि पुढं घाट, सकाळी निघालं तर दुपारी पोचावं एवढंच अंतर. पण ती जायची म्हटली की आण्णांचं पोट बिघडे.

हे ढोंग होतं असं मी म्हणणार नाही. त्यांना खरंच कळा येत. पोटाच्या त्या दिवसांत माणूस पार घाबरून गेला होता, आणि आपण बरे आहोत ते तिच्या हातच्या दह्यामुळे, हे तिनंच त्यांच्या मनावर इतकं ठसवलं होतं की ती दोन दिवस नसेल तर काय, या कल्पनेनंच त्यांचं आतडं पिळवटायचं. "तुझं इरजण कोण लावणार? दुसऱ्याच्या हाताचं मला सोसत न्हाई," ते म्हणत. तिनं मोठ्या अभिमानानं विणलेला दोर होता तो, आणि त्याच दोरानं ती खाटेच्या पायाला बांधली गेली होती. मला त्यांचा राग यायचा. अजूनही येतो.

एकदा तर रिक्षा दारात उभी होती. तिनं ठेवणीतलं लुगडं नेसलं होतं, नातवासाठी गोड कडाकण्या तळल्या होत्या, शेजारच्या बाईला गाडग्याची सगळी उस्तवार समजावून झाली होती. आण्णा संडासातून भिंत धरत धरत बाहेर आले आणि तिच्याकडे नुसतं बघत उभे राहिले. तायाक्कानं पिशवी खाली ठेवली, रिक्षावाल्याला हातानं जा म्हणाली आणि चूल पेटवायला आत गेली. थोड्या वेळानं भिंतीवरून कडाकण्यांचा डबा माझ्यापुढं आला. "तू पाटणला जाणार हाईस न्हवं? तसाच वर जा, सुमीला दे."

मी परत आलो तेव्हा ती वाटच बघत होती. सुमीचं घर कसं आहे, नळाचं पाणी आत येतं का, ओटा उंच आहे का.

"खिडकीतनं काय दिसतंय?"

"डोंगर."

"आन् दुसऱ्या खिडकीतनं?"

"डोंगरच अक्का. चहूकडनं डोंगर. मला तर कोंडल्यासारखं झालं."

तिनं घासायचं पातेलं पुढ्यात ओढलं. "आमच्याकडं डोंगर न्हाई," ती म्हणाली. "नुसतं माळरान. आन् हितं खिडकीतनं ह्येंची काठी दिसती." एवढं बोलून तिनं पातेल्याचा तळ जोरजोरात खरवडायला घेतला.

मग गेल्या पावसाळ्याच्या आधी एक दिवस गाडग्यातलं दूध लागलंच नाही. सकाळी वाट पाहिली, दुपारी गाडगं उन्हाच्या कवडशात सरकवलं, संध्याकाळी त्याला गोणपाट गुंडाळलं. दूध दूधच राहिलं. तायाक्का घरोघर फिरली. आमच्या गल्लीला एकाच गवळ्याचं दूध यायचं, आणि त्या दिवशी कुणाच्याच घरी दही लागलेलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी गवळ्याला तिनं दारातच धरलं. तो मान खाली घालून म्हणाला, "म्हशीची कास सुजली हुती अक्का. डॉक्टरनं सुई मारली. थोडं दिस दूध घालू नगा म्हणला हुता, पर रतीब कसा मोडायचा?"

ती सुई कसली होती हे मला सांगावं लागलं. अँटिबायोटिक. म्हशीतून दुधात, दुधातून गाडग्यात. विरजणात जे जिवंत होतं ते त्यानं मारलं. मी बोलत होतो आणि ती माझ्या तोंडाकडं बघत होती.

"म्हंजी तुझीच गोळी," ती म्हणाली.

"माझ्या कंपनीची नसंल अक्का."

"गप बस."

रोज ती जुन्या दह्यातला एक चमचा बाजूला काढून ठेवायची. पण आदल्या दिवशी कुणीतरी विरजण मागायला आलं होतं, आणि नाही म्हणायचं नाही या नियमापायी तिनं तो चमचा देऊन टाकला होता. ज्यांना दिला त्यांच्या भांड्यातही त्याच म्हशीचं दूध. गल्लीतल्या एकदोघींच्या फ्रिजमध्ये जुनं दही होतं, पण त्यांनी त्यात पाकिटाचं दही केव्हाच मिसळलेलं. तायाक्का रिकाम्या गाडग्याशी बसून रडली. आव्वा वारली तेव्हाही आण्णांच्या पायापायी तिला जाता आलं नव्हतं, हे मला त्या दिवशी कळलं.

पण आण्णांच्या वाटीची वेळ टळायची नव्हती. तिनं मला खुणेनं मागच्या दारी बोलावलं. "चौकातनं पाकीट आण. खिशात घालून आण." एरवी पाकिटाच्या दह्याला ती 'मढं' म्हणायची. ते मढं तिनं गाडग्यात ओतलं, वरून चमच्यानं साय सारखी केली, आणि वाटी भरून आण्णांपुढं ठेवली. मी दारात उभा होतो. आण्णांनी पहिला घास घेतला, मान डोलावली आणि म्हणाले, "आज चांगलं लागलंय."

पुढचे बरेच दिवस मी खिशातून पाकिटं आणत राहिलो. आण्णांचं पोट अगदी ठणठणीत होतं. तायाक्का रोज त्यांना खाताना बघायची, पण आता खाटेशेजारी बसायची नाही, लांब उभी राहायची. मला वाटलं होतं की तिला गंमत वाटेल, निदान सुटल्यासारखं तरी. तसं काही तिच्या चेहऱ्यावर नव्हतं. एकदा मागच्या कट्ट्यावर ती मला हळूच म्हणाली, "ह्येंचं पोट कशावर बी चालतंय की रं. मग मी कशापायी बसलेय हितं?" तिच्या आवाजात राग होता, आणि तो कुणावर होता हे तिलाही नीट कळलं नसावं.

त्यानंतर चारच दिवसांत तिनं आण्णांसमोर उभं राहून खरं सांगून टाकलं. म्हणजे अर्धं खरं. "इरजण मेलंय. आता एकच जागा हाय, रडायच्या नादात माझ्या ध्यानात उशिरा आली. सुमीच्या लग्नात मी तिच्या ओटीत फडकं घातलं हुतं, तिच्याकडं आव्वाचं इरजण अजून जितं हाय. ते आणाया मला जाया पायजे."

आण्णा गडबडले. "पोरीला पाठवून दे म्हण की."

"फडकं टपालानं येतंय व्हय? ह्या पावसाळी हवंत बुरशी धरंल. मलाच लावून, वाळवून आणाया पायजे. तुमच्याच पोटासाठी चाललेय."

ज्या विरजणासाठी तिला इतकी वर्षं धरून ठेवलं, त्याच विरजणासाठी ती निघाली होती. मला कट्ट्यावरची वाटी आठवली. नियम न मोडता त्यातून वाट काढायची तिला जुनी सवय होती. या वेळी रिक्षा आली तेव्हा आण्णा काठी टेकत दारापर्यंत आले. "लौकर लागू दे म्हणावं," एवढंच म्हणाले.

पहिले दोन दिवस आण्णांनी हाय खाल्ली. पाकिटाचं दही आता उघडपणे समोर आल्यावर त्यांना लगेच कळा सुरू झाल्या. माझ्या बायकोनं भाकरी आणि हुलग्याचं माडगं दिलं, ते त्यांनी निमूट घेतलं. रोज संध्याकाळी ते त्यांच्या बटणांच्या फोनवरून सुमीकडं फोन लावत आणि भिंतीमुळे त्यांचं बोलणं आम्हाला ऐकू येई. "लागलं का?" मग बराच वेळ शांतता. "भुई हालतीया? आता गं?" पुन्हा शांतता. "मग बरुबर हाय. भांडं हाललं की फुटणारच."

कोयनेला धरणीकंपाचे बारीक हादरे बसतात हे आमच्या भागात शेंबड्या पोरालाही माहीत आहे. आण्णांनी मला बोलावून समजावून सांगितलं, "तितं सारखी भुई हालतीया. दही कसं लागंल? त्यात तिकडची थंडी. येळ लागणार." त्यांना तिचा कायदा पाठ होता, त्यामुळे शंका घ्यायला जागाच नव्हती. काही दिवसांनी ते मला चौकातल्या डेअरीच्या काउंटरपाशी दिसले. काठी टेकत, स्वतःच्या पायांनी आले होते. "पांढरा चिखल हाय निस्ता," असं म्हणत पिशवीत पाकीट टाकत होते.

पाटणचा माझा दौरा आला तसा मी घाट चढून वर गेलो. त्यानंतर लवकरच माझी बदली लातूरकडे झाली आणि आमचं बिऱ्हाड हललं, म्हणून मला दिसलेली ही शेवटची तायाक्का. बाहेर पावसाची झड लागलेली, कॉलनीच्या पायऱ्यांवर शेवाळ. मी दारातून सवयीनं विचारलं, "अक्का, लागलंय का?"

"ये," ती म्हणाली.

ती खिडकीशी पाय पसरून बसली होती. तिला असं पाय पसरून बसलेलं मी माधवनगरात कधी पाहिलं नव्हतं. शेजारी नातू पाटीवर काहीतरी गिरवत होता आणि समोर डोंगर होते. मला कोंडल्यासारखं झालं होतं तेच डोंगर ती टक लावून बघत होती. सुमीनं माझ्यापुढं वाटी ठेवली. दही असं घट्ट होतं की वाटी उपडी केली तरी पडलं नसतं. मी पहिला चमचा तोंडात घातला आणि ओळखलं. तीच चव, किंचित तुरट, मागं तोंडात राहणारी. खिडकीच्या दांडीवर एक फडकं वाळत घातलेलं होतं. ते कधीच वाळून कडक झालेलं दिसत होतं.

तेवढ्यात माझा फोन वाजला. आण्णा.

"गोळीवाल्या, वर पोचलास न्हवं? जरा बघ की रं तूच. लागलं का?"

आवाज मोठा होता, खोलीत सगळ्यांना ऐकू गेला. सुमी ओट्यापाशी थांबली. तायाक्कानं माझ्याकडं बघितलं नाही, ती खिडकीबाहेरच बघत राहिली. फक्त तिची पसरलेली पावलं आखडली आणि हात पदराच्या टोकाशी गेला. माझ्या डोळ्यांपुढं आण्णांची थंड चूल आली, काठी आली, आणि त्यांचीही थोडी दया आली.

"न्हाई आण्णा," मी म्हणालो. "अजून लागलं न्हाई. भुई हालतीया हितं."

"बरं, बरं," ते म्हणाले. "घाई करू नगंस म्हणावं. चांगलं लागू दे."

फोन ठेवला. तायाक्का उठली आणि माझ्या वाटीत आणखी दही वाढलं. मी निघालो तेव्हा ती पुन्हा खिडकीशी जाऊन बसली होती, पाय पसरून. पाठमोरीच म्हणाली, "जाताना पाय आपटू नगंस रं. लागतंय अजून."

मी चप्पल हातात घेतली आणि हळूच पायऱ्या उतरलो.